ठकीचा नैवेद्य

आधीच सांगून ठेवते, मला कुत्री आवडत नाहीत. लहानपणी चावलं होतं वगैरे काही कारण नाही. आवडत नाहीत, बस. तरीही आमच्या सोसायटीत कुत्र्याचा विषय निघाला की माझा आवाज चढतो, आणि तो कुत्र्यांवर नाही, माणसांवर चढतो. माझ्या समोरच्या दारात राहणाऱ्या कुसुमताई रत्नपारखींशी आमचे लोक जसे वागले, ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

कुसुमताईंना तुम्ही रस्त्यात पाहिलंत तर दुसऱ्या दिवशी ओळखणार नाही. बुटक्या, सावळ्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. जन्म मंडईच्या मागचा, शुक्रवार पेठेतला. नोकरी येरवड्याला, कारागृहाच्या कचेरीत, कारकुनाची. अर्धं आयुष्य बसच्या दांड्याला लटकून गेलं, पण कधी कंडक्टरशीही भांडल्या नाहीत. भाजीवाल्याने चढा भाव सांगितला तर 'राहू दे हो' म्हणून पुढे जायचं, एवढाच त्यांचा संताप. यजमान श्यामसुंदरराव बँकेतून निवृत्त झालेले. मोजकं बोलणार, आणि जे बोलतील त्याने समोरच्याला ठसका लागणार.

निवृत्त झाल्यावर माणसं काय काय करतात. कुणी पहाटे बागेत गोल उभं राहून मोठमोठ्याने हसतात, कुणी अष्टविनायकाच्या बसमध्ये बसतात. कुसुमताईंनी निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत नवऱ्याला सांगितलं, "अहो, मला एक कुत्रं आणायचंय."

श्यामसुंदरराव पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "आण की. मी स्वारगेटच्या बाकावर माझी सोय बघतो."

"बरं," कुसुमताई म्हणाल्या.

त्या 'बरं' म्हणाल्या की विषय संपला असं लोकांना वाटतं. तो संपलेला नसतो, हे इतक्या वर्षांच्या संसारात श्यामसुंदररावांना कळायला हवं होतं. पुढच्या शनिवारी त्यांनी माझी बेल वाजवली. "हेमाताई, तुम्हाला गाडी चालवता येते. येता का माझ्याबरोबर?" मला वाटलं, कुठल्या तरी देवाला जायचं असेल. गेलो ते शहराबाहेरच्या एका टेकडीखाली, टाकून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर.

तिथे काम करणारी मुलगी चांगली होती. "आंटी, पपी हवाय ना? पपीज लगेच सेटल होतात," असं म्हणत तिने आम्हाला गुबगुबीत पिल्लं दाखवली. कुसुमताई सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवत पुढे गेल्या आणि शेवटच्या पिंजऱ्याशी थांबल्या. आत लांब कानांची, पांढऱ्या-तपकिरी रंगाची एक बीगल जातीची कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. पोटाची कातडी लोंबत होती. आम्ही आलो तरी तिने मान वळवली नाही.

"ही नको, आंटी," मुलगी म्हणाली. "ही ब्रीडिंगवाल्याकडची आहे. हिचं डिफिकल्ट आहे."

ब्रीडिंगवाला म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. कुणी एक गृहस्थ बंगल्यामागच्या शेडमध्ये अशा कुत्र्या कोंडून ठेवत होता. एक वेत झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. पिल्लांनी डोळे उघडले की विकायची. हिने पिंजऱ्याबाहेरची जमीन कधी पाहिलीच नव्हती. पिल्लं होईनाशी झाली तेव्हा त्याने हिला कात्रजच्या पुढे रस्त्यावर सोडून दिलं. आणि ती पिल्लं घेत कोण होतं? काही परग्रहावरची माणसं नव्हेत. आपलीच, शिकलेली, मुलाच्या वाढदिवसाला गळ्यात रिबीन बांधून पिल्लू आणणारी. पिल्लाची आई कुठे आहे, असं त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नसणार.

कुसुमताईंनी पिंजऱ्याचं दार उघडायला सांगितलं आणि बाहेर फरशीवर बसल्या. कुत्री हलली नाही. "आमच्याकडे सुटकेच्या दिवशी काही माणसं अशीच करायची," त्या मला म्हणाल्या. "दार उघडं असायचं, पण कुणी 'जा' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायची नाहीत." मग त्यांनी 'चल' म्हणून पाहिलं, 'ये' म्हणून पाहिलं. कुत्री आली नाही. शेवटी कुसुमताईंनी तिला सरळ उचललं, पदरात गुंडाळलं आणि माझ्या गाडीत येऊन बसल्या. माझ्या सीटवर ती मुतली, हेही नोंदवून ठेवते.

तिचं नाव ठकी ठेवलं. श्यामसुंदरराव स्वारगेटला गेले नाहीत, पण आठवडाभर बायकोशी बोललेही नाहीत.

ठकीला काहीच येत नव्हतं. गुळगुळीत फरशीवर तिचे पाय चारी दिशांना जायचे, म्हणून कुसुमताईंनी जुन्या साड्यांच्या गोधड्या बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरल्या. घर पाहुण्यांनी भरलेल्या लग्नघरासारखं दिसायला लागलं. कुकरची शिट्टी झाली की ठकी धुण्याच्या मशीनमागे जायची, म्हणून कुकर बंद झाला आणि डाळ पातेल्यात शिजायला लागली. भुंकण्याचं नाव नाही. ती कधीच भुंकली नाही, हे लक्षात ठेवा, कारण पुढे तिच्या भुंकण्याबद्दल तक्रार झाली.

सगळ्यात वाईट म्हणजे ती खात नव्हती. दूध-भात, उकडलेलं चिकन, काहीही ठेवा, ती ताटलीकडे बघायची, मग माणसांकडे बघायची आणि मागे सरकायची. बरगड्या मोजता येतील अशी झाली. एकदा मी सहज काही विचारायला बेल वाजवली, कुसुमताई दाराकडे वळल्या, आणि परत येऊन बघतात तर ताटली अर्धी रिकामी. तेव्हा त्यांना उलगडा झाला. कुणी आपल्याकडे बघत असताना ठकीला घास घेता येत नव्हता. त्या ब्रीडिंगवाल्याच्या शेडमध्ये खाताना कुणी समोर उभं राहिलं की पुढे काय व्हायचं, पिल्लं उचलून नेली जायची की काठी पडायची, ते देव जाणे आणि तो नराधम जाणे.

त्या दिवसापासून रत्नपारखींचं घर भिंतीकडे तोंड करून जेवायला लागलं. ठकीची ताटली मागे ठेवायची, आपली पानं पुढे घ्यायची, आणि तिच्याकडे पाठ करून बसायचं. मागे वळून बघायचं नाही. टीव्हीसमोर बसून जेवण्यात ज्यांचा जन्म गेला ते श्यामसुंदरराव कॅलेंडरसमोर बसून आमटी-भात खायला लागले. मी एकदा जेवायला गेले तर मलाही तसंच बसवलं. "काय करणार," श्यामसुंदरराव भिंतीला म्हणाले, "या घरात आता हिच्या मर्जीशिवाय घास उतरत नाही." पण त्यांच्या पानातली पोळी अर्धी का उरली होती आणि ती कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

ठकीच्या अंगावर मांस चढायला लागलं. शेपटी हलते हे तिला बहुधा तेव्हाच कळलं. आणि आमच्या सोसायटीच्या पोटात दुखायला लागलं.

आमचे अध्यक्ष सर्जेराव. ही इमारत उभी आहे ती त्यांच्या घरच्या ज्वारीच्या रानात. बिल्डरने जमिनीच्या मोबदल्यात फ्लॅट दिले आणि फ्लॅटबरोबर अध्यक्षपद आपोआप आलं. माणूस मुळात वाईट नाही. कुणाकडे मयत झालं तर सगळ्यात आधी धावेल. पण नवी गाडी, नवी टाइल आणि अध्यक्षपद या तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या की माणसाला अंगणात कुठेही केस दिसला तरी खपत नाही. चिटणीस बाळ मुजुमदार. वय पासष्ट, नाव बाळ. सर्जेराव जे म्हणतील ते शुद्ध मराठीत लिहून काढणं, एवढंच त्यांचं काम.

पहिला फतवा निघाला, कुत्र्याला लिफ्ट नाही. सर्जेराव स्वतः सांगायला आले. "ताई, तुमच्याबद्दल आपली तक्रार न्हाई. पण लिफ्ट माणसांची हाय."

याच लिफ्टमधून ढेकणांनी भरलेला सोफा वर गेलेला मी पाहिला आहे. सिमेंटची पोती गेली आहेत. दुसऱ्या मजल्यावरचे एक सद्गृहस्थ थुंकतात तेही याच लिफ्टमध्ये. पण कुसुमताई म्हणाल्या, "बरं." आणि ज्या ठकीला जिना उतरायचं माहीत नव्हतं, तिला काखेत घेऊन त्या तीन मजले उतरायला-चढायला लागल्या. गुडघ्याला पट्टा बांधून. रोज सकाळ-संध्याकाळ. वाटेत भेटणारे लोक बाजूला होऊन म्हणायचे, "व्यायाम होतो, नाही?" मला वाटायचं, यांना एकेकाला उचलून जिन्यावरून खाली सोडावं.

मग तक्रारी सुरू झाल्या. भुंकते म्हणे. जी कधी भुंकली नाही ती. लहान मुलं घाबरतात म्हणे. ती लहान मुलं शाळेतून आली की दप्तरं टाकून ठकीला बघायला आमच्या मजल्यावर जमायची. शेवटी बाळ मुजुमदारांनी जाहीर केलं की मार्गशीर्षातल्या सर्वसाधारण सभेत ठराव येणार, सोसायटीत कुत्रं पाळायचं नाही आणि असलेलं महिन्याच्या आत हलवायचं. सोसायटीला असा अधिकारच नाही, हे मी तीन वेळा ओरडून सांगितलं. "कोर्टात जा," असं कुसुमताईंनाही सांगितलं.

"कोर्टाकडून राहायला मिळेल हो," त्या म्हणाल्या. "शेजार कुठून मिळेल?"

ठराव झाला तर दोनच वाटा होत्या. ठकीला परत त्या पिंजऱ्यात नेऊन ठेवायचं, किंवा या वयात घर विकून उठायचं. शेडवरच्या मुलीला फोन करून विचारलं तेव्हा ती रडवेली झाली. "आंटी, एकदा घरातून परत आलेली अशी डॉग पुन्हा कुणावर ट्रस्ट करत नाही. ती खाणं सोडेल." हे कुसुमताईंनी मला सांगितलं तेव्हा त्या पोळ्या लाटत होत्या, आणि ती पोळी त्यांनी तीनदा मोडून पुन्हा लाटली.

याच सुमाराला सर्जेरावांनी दुसरं शौर्य गाजवलं. आमच्या गल्लीतली मोकळी कुत्री त्यांच्या नव्या गाडीच्या टपावर उन्हाला बसायची. ओरखडे उठले. त्यांनी शेजारच्या दोन सोसायट्या हाताशी धरल्या, कुठून तरी खासगी माणसं आणली आणि भर दुपारी, सगळं पुणं डोळे मिटून पडलेलं असताना, गल्लीतली कुत्री जाळ्यात धरून गाडीत कोंबली. ओरडणं ऐकून मी गॅलरीत आले. खाली पोचेपर्यंत गाडी गेली होती. कुठे नेली, कुणी सांगेना.

त्यात वाघ्याही होता. वाघ्या म्हणजे गल्लीतला सगळ्यात म्हातारा, एका कानाचा कुत्रा. सर्जेरावांच्या आई तुळजाबाई रोज सकाळी काठी टेकत कोपऱ्यावरच्या देवळात जायच्या, तेव्हा हा पुढे चालायचा आणि त्या मागे पडल्या की थांबायचा. त्यांनी विचारलं तेव्हा सर्जेरावांनी सांगितलं, "गेला आसंल कुठं तरी. म्हातारा झाला व्हता."

आणि मग आली चंपाषष्ठी.

सर्जेरावांच्या घरचं कुळदैवत खंडोबा. त्या दिवशी तळी उचलायची, भंडारा उधळायचा, बाजरीची भाकरी आणि वांग्याच्या भरिताचा नैवेद्य करायचा, आणि त्यातला पहिला घास कुत्र्याला घालायचा. कुत्रं देवाचं. ते जेवल्याशिवाय घरात कुणी पान घेत नाही. तुळजाबाईंचा नेम त्याहून कडक होता. नैवेद्य त्यांच्याच हाताने ठेवला गेला पाहिजे. आणि त्यांचे गुडघे आता कोपऱ्यावरच्या देवळापुढे जात नव्हते, तशी गरजही कधी पडली नव्हती. गेटबाहेर पाऊल टाकलं की चार शेपट्या आडव्या यायच्या.

त्या दुपारी त्या गेटबाहेर थाळी घेऊन उभ्या राहिल्या. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. "यू यू" करून त्यांनी हाका मारल्या. सर्जेराव कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, मागच्या गल्लीत जाऊन आले. सगळी गल्ली स्वच्छ होती. त्यांनीच केली होती. मी गॅलरीतून सगळं बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

थोड्या वेळाने समोरची बेल वाजली. समोरची बेल वाजली की माझं दार उघडतं. त्याला शेजारधर्म म्हणतात. बघते तर सर्जेराव, त्यांची बायको, डोक्यावर पदर घेऊन तुळजाबाई, आणि मागे स्वतःच्या घरचा स्टीलचा डबा घेऊन बाळ मुजुमदार. त्यांचंही कुळदैवत खंडोबाच.

"काय सर्जेराव," मी विचारलं, "लिफ्टनं आलात की जिन्यानं?"

"लिफ्टनं. का?"

"काही नाही. या मजल्यावरची कुत्री जिन्यानं येते-जाते, म्हणून विचारलं."

सर्जेराव उगाच जिन्याकडे बघायला लागले. बाळ मुजुमदार डब्याच्या झाकणाकडे बघत बसले. ज्या ठकीला महिन्याच्या आत हलवायचा ठराव यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, तिच्या दारात हे देवाच्या नावाने उभे होते, आणि लाज वाटतेय असं एकाच्याही चेहऱ्यावर दिसत नव्हतं. अडचण दिसत होती फक्त. मी आणखी बरंच बोलणार होते, पण कुसुमताईंनी दार पूर्ण उघडलं. "या आजी. आत या. उन्हातनं आलात."

तुळजाबाई आत गेल्या. ठकी मशीनमागे गेली. कुसुमताईंनी थाळी पाहिली. "आजी, भरितात कांदा-लसूण आहे ना? तिच्या पोटाला तो सोसत नाही. नुसती भाकरी देऊ या का, तूप लावून?"

"आमच्या दारची कुत्री जलमभर खात आली, पोरी. काय झालं न्हाई."

"असेल. पण हिला नको."

तुळजाबाईंनी थोडा विचार केला. "भाकर चालंल. देवाला भाकर चालती."

त्यांनी वाकून, स्वतःच्या हाताने, भाकरी कुस्करून ताटलीत ठेवली. तूप सोडलं. हात जोडले. तुपाच्या वासाने ठकी बाहेर आली, ताटलीपर्यंत आली, आणि पाहिलं तर पाच-सहा माणसं गोल करून आपल्याकडे बघतायत. ती तशीच मागे मागे सरकत भिंतीला टेकली आणि थरथरायला लागली.

"शिवंना," सर्जेरावांची बायको हळूच म्हणाली. "देवाचा कोप म्हनायचा का काय?"

 इतक्या वर्षांत तुळजाबाईंचा नैवेद्य कुत्र्याने नाकारला नव्हता. "काय चुकलं असंल आमच्या हातनं," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.  काय चुकलं ते त्या खोलीत सर्जेरावांना सगळ्यात जास्त ठाऊक होतं.

"कोप वगैरे काही नाही, आजी," कुसुमताई म्हणाल्या. "कुणी बघत असलं की तिला खाता येत नाही. सगळ्यांनी तिच्याकडे पाठ करून खाली बसा. भिंतीकडे तोंड करा."

"म्हंजे?" सर्जेराव म्हणाले. "आमी?"

"बसा," आधीच कॅलेंडरसमोर बसलेले श्यामसुंदरराव म्हणाले. "आम्ही रोज बसतो. एकादशी कधी आहे ते समजतं."

आणि बसले. अध्यक्ष सर्जेराव नवी पँट सावरत मांडी घालून भिंतीसमोर बसले. त्यांची बायको बसली. बाळ मुजुमदार डबा मांडीवर घेऊन बसले. तुळजाबाईंना खाली बसता येईना, म्हणून कुसुमताईंनी त्यांची खुर्ची फिरवून दिली. मीही बसले. कुणी बोलायचं नव्हतं, वळायचं नव्हतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. सर्जेरावांच्या पायाला मुंग्या आल्या असाव्यात, ते सारखे चुळबुळत होते. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते, आणि हा कार्यक्रम संध्याकाळपर्यंत चालावा अशी मनातल्या मनात खंडोबाची प्रार्थना करत होते. आमचं कुळदैवत तो नाही, पण त्या दिवशी चालवून घेतलं.

मग मागून गोधडीवर नखं वाजली. थांबली. पुन्हा वाजली. आणि ताटलीवर जीभ फिरल्याचा आवाज आला. "सदानंदाचा येळकोट," तुळजाबाई भिंतीकडे बघत पुटपुटल्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं.

बाळ मुजुमदारांनी उठता उठता डबा पुढे केला. "आता आमचाही एक घास."

"पोट भरलं तिचं," कुसुमताई म्हणाल्या. "उद्या या."

सगळे गेल्यावर मी कुसुमताईंवर बरसले. "वेड्या आहात तुम्ही, हीच वेळ होती! दारात उभं करून आधी ठराव फाडायला लावायचा होता."

"म्हातारी उपाशी होती हो सकाळपासून," त्या म्हणाल्या. "तिला अडवून काय मागायचं?"

सभा रविवारी, खाली पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचे कागदी कप. तुळजाबाईही येऊन बसल्या होत्या. सर्जेराव उभे राहिले, खाकरले आणि म्हणाले की चंपाषष्ठीचा प्रसंग लक्षात घेऊन आपण मोठ्या मनाने मार्ग काढलेला आहे. बाळ मुजुमदारांनी तो मार्ग वाचून दाखवला. रत्नपारखी यांच्या कुत्र्यास 'धार्मिक उपयोग' म्हणून विशेष सवलत देण्यात येत आहे. दरवर्षी चंपाषष्ठीस सदर कुत्रे सर्व सभासदांना नैवेद्यासाठी उपलब्ध करून द्यावे. लिफ्टचा नियम कायम राहील. सवलत समिती केव्हाही काढून घेऊ शकेल.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "सर्जेराव, मन मोठं बघा तुमचं." मलाही क्षणभर वाटलं, चला, सुटलो.

कुसुमताई उभ्या राहिल्या. "नको," त्या म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. मी त्यांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. तो मोठा नव्हता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

"कसला उपयोग? त्या शेडवाल्यालाही तिचा उपयोगच होता. उपयोग संपला, त्याने टाकली. आता तुम्हीही उपयोगासाठी ठेवणार, आणि संपला की काढणार? वर्षातून एक दिवस हात जोडणार आणि बाकीचे दिवस जिन्यानं पाठवणार? गल्लीतली कुत्री तुम्ही जाळ्यात धरून नेलीत. देवाची म्हणता ना त्यांना? आजींच्या पुढे चालणारा वाघ्यासुद्धा नेलात. नैवेद्याला कुत्रं उरलं नाही तेव्हा माझ्या दारात आलात. मी काही बोलले नाही. पण उपकार नकोत मला. ठकी आमच्या घरातली आहे. घरातल्याला राहायला सवलत लागत नाही. तिला काढायची असेल तर काढायचा ठराव करा, आणि माझ्या तोंडाकडे बघून हात वर करा."

श्यामसुंदरराव उठून त्यांच्या शेजारी उभे राहिले. 

सर्जेरावांचा चेहरा लालबुंद झाला. भरल्या सभेत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं. "मग तसंच करू," ते म्हणाले. "घ्या मूळ ठराव मताला." आणि त्यांनी हात वर केला. बाळ मुजुमदारांचा गेला. इकडे एक, तिकडे दोन, हात वर जायला लागले. ज्यांची मुलं ठकीला बघायला आमच्या मजल्यावर यायची, त्यांचेही गेले. कुसुमताईंच्या तोंडाकडे मात्र एकजणही बघत नव्हता. सगळे चहाच्या कपात बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणार, एवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"हात खाली घे, सर्जा."

तुळजाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "आई, तुला यातलं..." सर्जेराव म्हणायला लागले.

"हात खाली घे आधी. आपल्या हातची भाकर खाल्ली तिनं. भाकर खाल्लेल्याला दाराभायेर काढतोस व्हय?"

सर्जेरावांचा हात खाली आला. त्याबरोबर बाकीचे आले. किती झटकन आले, ते बघण्यासारखं होतं. पण तुळजाबाईंचं लक्ष तिकडे नव्हतंच. त्या मुलाकडे बघत होत्या.

"वाघ्याला तू धाडलास?"

सर्जेरावांनी नजर बाळ मुजुमदारांकडे वळवली.

"मला म्हनलास, गेला आसंल कुठं तरी. मी रोज सकाळी गेटाशी भाकर टाकून वाट बघती. कुठं सोडलास त्याला?"

"मला ठाव न्हाई, आई," सर्जेराव म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मानसं लावली व्हती. घाटाकडं कुठं तरी सोडली म्हनले."

"मग ऊठ," तुळजाबाई म्हणाल्या. "हुडकून आन."

सभा तिथेच मोडली. ठराव पुन्हा कुणी काढला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ठकी लिफ्टने जायला लागली. कुसुमताईंनी कुणाला विचारलं नाही, आणि त्यांना अडवायची कुणाची टाप नव्हती.

वाघ्या सापडलेला नाही. सर्जेराव दर रविवारी गाडी काढून कात्रजच्या पलीकडे जातात, वस्त्यांवर, ढाब्यांवर विचारतात, आणि संध्याकाळी परत आले की तुळजाबाई गेटाशी उभ्या असतात. कुसुमताई कधी कधी त्यांच्या गाडीत बसून जातात. ठकीच्या डब्यातली भाकरी बरोबर घेतात आणि खिडकीतून वाघ्याच्या नावाने हाका मारतात. बिचारा फार खचला हो, असं मला सांगतात. मलाही एकदा चला म्हणाल्या. मी गेले नाही. मला अजून सर्जेरावांची दया येत नाही.